चहाला पाठवलेली माणसं

नवऱ्याचा अर्ज नामंजूर झाला. पण ते सोडा, त्याने अजून अर्ज केलेलाच नाही. अजून तो सलाईनच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलाय आणि त्याची बायको शेजारच्या पेशंटकडे बघून हसतेय.

शेजारचा पेशंट म्हणजे पंच. फुटबॉलच्या मैदानावर जन्मभर शिट्टी फुंकली आणि शेवटी फुप्फुसानेच दगा दिला. बायकोचंही दुखणं तेच. दोघांचाही कॅन्सर फुप्फुसातून हाडांत उतरला होता, पंचाच्या मणक्यात आणि तिच्या मांडीत. त्याच्या कमरेला पट्टा, तिच्या हाडात सळई. केमो एकाच दिवशी, आणि हाडं टिकवायचं इंजेक्शनही एकाच दिवशी. त्या इंजेक्शनआधी जबडा तपासून घ्यावा लागतो, तर दाताच्या डॉक्टरकडेही दोघांचा नंबर लागोपाठ. लोकांच्या पत्रिका जुळतात, यांचे रिपोर्ट जुळले होते.

नवरा एका कचेरीत आवक-जावक बघायचा. घरात मीठ संपलं तरी "सदर डबा रिकामा आढळून आला" म्हणायचा. अशा माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही.

बायको एरवी डोक्याला जुनी लोकरी टोपी घालायची. सलाईनच्या दिवशी मात्र रेशमी रुमाल. आणि नवऱ्यालाही निळा शर्ट. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. कपड्यांच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

"मला कुणाला दाखवायचंय?" त्याने विचारलं.

"घाला म्हटलं ना. आणि कानावरचे केस कापून या. झुडपं झालीत नुसती."

आपण गबाळे दिसलो तर पंचापुढे तिची लाज जाते, एवढाच अर्थ त्याने काढला.

पंच तिला वहिनी म्हणायचा. वहिनी म्हणतो म्हणजे तर नक्कीच काहीतरी शिजतंय, अशी नवऱ्याने मनात नोंद केली.

"साहेब, तुम्ही घोरता का?" पंचाने एकदा विचारलं.

"नाही."

"पोहता येतं?"

"सदर प्रश्नाचा इथे संबंध काय?"

पंचाने तिच्याकडे बघितलं. तिने रुमालात तोंड लपवून हसू दाबलं. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि केस कापल्यामुळे त्या आता सगळ्यांना दिसत होत्या.

सलाईन अर्ध्यावर आलं की दोघा पेशंटना एकदमच चहाची तल्लफ यायची.

"अहो, दोघं जाऊन घेऊन या ना," बायको म्हणायची. दोघं म्हणजे तो आणि पंचाची बायको.

"मी एकटा आणतो की."

"चार कप एकट्याला जमतात का? सांडून ठेवाल. आणि घाई करू नका."

पंचाची बायको मुलांना पोहायला शिकवायची. तिचा आवाज तलावाच्या पलीकडच्या काठावर सहज पोचायचा. कॅन्टीनच्या रांगेत तो मुद्दाम खाली आणून ती म्हणाली, "हाकललं बघा आपल्याला."

"तसं निदर्शनास आलंय."

"हे एरवी आठवडाभर दाढी करत नाहीत. आज उठल्या उठल्या केली. वर मला म्हणे, हिरवा ड्रेस घाल."

"मला निळा शर्ट."

दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. एकट्याने जळण्यापेक्षा सोबतीने जळलेलं बरं वाटत होतं. तिच्या चहात साखर नको, हे नवऱ्याला एव्हाना पाठ झालं होतं.

मग एकदा पंच आलाच नाही. सकाळी त्याचे पाय बधिर झाले. असं झालं की क्षणभरही थांबू नका, मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत असते, असं डॉक्टरांनी बजावलंच होतं. त्याला तडक रेडिएशनला नेलं.

बायको दिवसभर रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. चहाचं नाव नाही.

"माझा पाय मुरगळला होता तेव्हा तुझं तोंड एवढं उतरलं नव्हतं," नवरा म्हणाला.

"काळजी वाटतेय हो."

"कशाची?"

"काम अर्धवट राहिलंय."

त्यानंतर नवऱ्याला जेवण गेलं नाही.

पुढच्या खेपेला पंच चाकाच्या खुर्चीवरून आला. पाय थोडे हलत होते. बायकोचा चेहरा उजळला. नवऱ्याच्या नजरेतून तेही सुटलं नाही. सलाईन जेमतेम सुरू झालं होतं, तोच ती म्हणाली, "जा, चहा आणा."

दोघं दारापर्यंत गेले आणि थांबले.

"रंगेहाथ पकडायचं," नवरा कुजबुजला. "तुम्ही इथेच थांबा."

"वा! नवरा माझा आहे तो. मी पण येणार."

दोघं पाय न वाजवता पडद्यामागे येऊन उभे राहिले.

"घोरत नाही म्हणतात," पंचाचा आवाज आला.

"खोटं. चांगले घोरतात. पण खांद्याला नुसता हात लावला की थांबतात. एवढं तिला सांगून ठेवा."

"ती चिडली की दोन दोन दिवस बोलत नाही हं, वहिनी."

"चालेल. यांना एकट्याने बोलायची सवय आहे."

"आता उरकायला हवं. माझं काही खरं नाही."

"माझं तरी कुठे आहे? आणि आपण गेल्यावर हे दोघं नुसते लाजत बसतील. आपल्यादेखत ठरलेलं बरं."

पंचाच्या बायकोने पडदा सरकवला. हिरवा ड्रेस आणि निळा शर्ट शेजारी शेजारी उभे होते.

"बघा पंच," बायको मनापासून हसत म्हणाली, "शोभतात की नाही?"

नवऱ्याने घसा खाकरला. शर्टाचं वरचं बटण लावलं. सलाईनच्या बाटलीकडे बघत तो म्हणाला, "सदर प्रस्तावास अर्जदाराची हरकत आहे. तरी विद्यमान पत्नीस अर्जदाराच्या हयातीपर्यंत मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती."