मागची बाजू

ड्रायव्हरकाकांनी शेवटचा दोरा तोडला, भरतकामाची गोल रिंग काढून बाजूला ठेवली आणि खुर्चीतून उठले. मांडीवरचा रुमाल मात्र मांडीवरच राहिला. त्यांनी तो झटकला. रुमाल हलला, आणि त्याच्याबरोबर पॅंटही हलली.

“अगं,” त्यांनी आत हाक मारली, “जरा इकडे ये. मी स्वतःलाच शिवून घेतलंय.”

काकू हात पुसत बाहेर आल्या. रुमालावर हिरवी वेल होती, वेलीवर निळी फुलं. टोकाचं शेवटचं फूल आरपार खाकी पॅंटमध्ये उतरलं होतं. काकूंनी रुमालाचं टोक धरून हलकेच ओढलं. काका एक पाऊल पुढे आले. पुन्हा ओढलं, काका आणखी एक पाऊल पुढे.

“बरं झालं,” काकू म्हणाल्या. “आता बाजारात मागे राहायचा नाहीत. पण अहो, सुई टोचली नाही तुम्हाला?”

“टोचली की एकदा. मला वाटलं डास.”

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काकांना हसू येईना. टपालाने भरतकाम शिकवणाऱ्या वर्गाचा हा शेवटचा पाठ, आणि पाकिटावर आजचाच शिक्का हवा होता. उशीर चालणार नाही, असं शिकवणाऱ्या बाईंनी स्वच्छ कळवलं होतं. या बाईंना काकांनी कधी पाहिलं नव्हतं, पण डेपो मॅनेजरला जेवढे घाबरले नसतील तेवढे ते त्यांना घाबरायचे. आलेला नमुना बाई आधी उलटा करायच्या आणि जिथे चूक दिसेल तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घालून परत पाठवायच्या. काकांचे नमुने घरी यायचे ते गोवर उठलेल्या पोरासारखे. सोबत ओळ ठरलेली. पुढून छान, मागची बाजू पाहा.

कारण काका एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना दोरा तोडत नसत. मागून तसाच ओढत नेत. मध्ये थांबा नसेल तर गाडी कशाला थांबवायची, असा त्यांचा हिशेब.

“जन्मभर आरशात मागचं बघून गाडी चालवलीत,” काकू म्हणायच्या, “आणि एवढ्याशा रुमालाच्या मागे बघायला काय होतं?”

या खेपेला त्यांनी प्रत्येक फुलापाशी दोरा तोडला होता. एक तरी नमुना लाल दोऱ्याशिवाय घरी यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

“उसवू या,” काकू म्हणाल्या.

“उसवलं की फूल गेलं. पुन्हा भरेपर्यंत पोस्टाची खिडकी बंद.”

“मग अख्खी पॅंटच घाला पाकिटात.”

काकांनी खाली पाहिलं. ड्यूटीवरची ही एकच पॅंट उरली होती. निवृत्त झाल्यावरही ती इस्त्री करून घालायचे. तिची पायपुसणी करायचा विषय काकूंनी कितीदा तरी काढला होता, आणि दर वेळी काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

“काप,” काका म्हणाले.

“काय कापू?”

“पॅंट. फुलाच्या भोवतीने गोल.”

काकूंनी कात्री आणली खरी, पण आता त्यांचाच हात पुढे होईना. “ही? बघा हं. उद्या माझ्या नावाने शंख करायचा नाही.”

“काप म्हणतो ना.”

“मग हलू नका. परीक्षेला रुमाल बसलाय, तुमची मांडी नाही.”

जाड कापड करकर कापलं गेलं. रुमाल सुटला, आणि त्याच्या पाठीला खाकी कापडाची गोल चकती चिकटून आली. काकांनी रुमाल उलटा केला, पण स्वतः बघायचा धीर होईना. त्यांनी तो तसाच बायकोपुढे धरला.

काकूंनी चष्मा नाकावर सरकवला. वेलीवरून एकेक फूल बघत त्या खाकी चकतीपर्यंत आल्या. तिथे निळं फूल जसंच्या तसं उमटलं होतं. लोंबता दोरा नाही, गाठ नाही, ओढाताण नाही. त्यांनी रुमाल एकदा पालटला, पुन्हा पालटला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “यातली मागची कुठली?”

काकांनी रुमाल पाकिटात घातला आणि चपला पायांत सरकवल्या.

“अशा पॅंटवर निघालात? थांबा, दुसरी...”

“दुसऱ्या सगळ्या दोरीवर ओल्या आहेत. तूच धुतल्यास ना सकाळी?”

काकूंनी दारातून बाजाराची पिशवी त्यांच्या हातात कोंबली. “ही पुढे धरा. आणि खाली ठेवू नका!”

काका पिशवी मांडीपुढे धरून, जमेल तेवढं भरभर चालत पोस्टात पोचले. खिडकी उघडी होती. कारकुनाने पाकीट तोललं, तिकिटं लावली, शिक्का हाणला. काकांनी वाकून तारीख वाचली. आजचीच. मग त्यांनी मोठा श्वास सोडला आणि सुटे पैसे काढायला पिशवी खाली ठेवली.

कारकुनाने काचेतून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“काका, तुमच्या पॅंटला केवढं भोक पडलंय.”

“पडलं नाही,” काका म्हणाले. “ते कापड तुमच्या हातात आहे. जपून पाठवा. मागची बाजू बघण्यासारखी झाली आहे.”