दोन वर्षांचा अबोला

नासिएकूनं केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात पाहुण्यांना जनावरं दाखवायला जीप चालवायला घेतली, त्या दिवसापासून तिच्या बापानं, पार्सालोईनं तिच्याशी अबोला धरला. दोन वर्षांनी गावच्या म्हाताऱ्यांची फुकट सहल निघाली आणि पार्सालोईला जागा मिळाली ती नेमकी लेकीच्याच जीपमध्ये. तो मागच्या सीटवर तोंड फिरवून बसला.

तासाभरात एक हत्तीण कान पसरून थेट जीपवर धावून आली. "कुणी हलायचं नाही," म्हणत नासिएकूनं इंजिन बंद केलं. हत्तीण हातभर अंतरावर थबकली आणि धूळ उडवत माघारी वळली.

"याच पोरीशी बोलत नाहीस ना रे तू?" शेजारच्या म्हाताऱ्यानं पार्सालोईला कोपरानं ढोसलं.




"कोण म्हणतं?" पार्सालोई त्याच्यावर खेकसला आणि पुढे वाकून म्हणाला, "नासिएकू, आणखी एक हत्ती दाखव की गं!"