दाराच्या आत

आफ्रिकेतल्या वागादुगू शहरात, एका मोकळ्या अंगणात झेनाबू नवा नाच बसवत होती. नाच सोडत नाही म्हणून आईनं तिला घराबाहेर काढलं, त्या दिवसाचा नाच. नाचात आईची भूमिका झेनाबूची मैत्रीण करायची. "चारचौघांत अंग घुसळणारी पोर मला नको!" असं ओरडून ती दार लावायची आणि ताडताड निघून जायची.

आज तालमीच्या मध्येच ढोल थांबला. फाटकाशी झेनाबूची खरी आई उभी होती, डोक्यावर बाजाराची टोपली घेऊन.

"हिचं चुकतंय गं," मैत्रिणीकडे बोट दाखवत आई म्हणाली.

"काय चुकतंय? असंच बोलली होतीस तू."

"बोलले असंच. पण दार लावून मी गेले नव्हते."

आईनं टोपली खाली ठेवली, मैत्रिणीला बाजूला केलं आणि नसलेल्या दाराला कपाळ टेकल्यासारखी उभी राहिली. "अशी उभी होते. हात कडीवरच होता. पण तुझे बाबा समोर बसले होते."

झेनाबू त्या नसलेल्या दाराच्या दुसऱ्या बाजूला येऊन खाली बसली.

"मीही गेले नव्हते, आई. कडी वाजेल या आशेनं बाहेर पायरीवरच बसले होते."