बाळाची गोळी

दुपारच्या सुट्टीत गिरणीतून धावत आलेल्या तानीने बाळाला छातीशी धरलं, पण ते दूध ओढेना. चाळीत फेरीला आलेल्या म्युनिसिपालिटीच्या नर्सबाईंनी आत येऊन बाळाची पापणी वर केली. आतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"अफूची गोळी कुणी दिली?"

"कुनीच न्हाय," सासू म्हणाली. "मागं तुमी रागं भरलात, तवाच डबी टाकली."

तानीनेही नकारार्थी मान हलवली.

"हे बघा, आज मी रागावणार नाही. पण किती दिली हेच ठाऊक नसेल, तर इस्पितळात डॉक्टर काय करतील?"

तानीच्या तोंडून कसंबसं निघालं, "एक दिली. पहाटं, कामावर जाताना. रडून रडून आत्याबाईंचा जीव खाल्ला असता त्यानं."

सासू पुढे सरकली. "अगं, मीबी दिली की! तू गेल्यावर. तू बाईंना सांगशील म्हनून बोलले न्हाय."

टांग्यात नर्सबाई बाळाच्या तळपायांवर टिचक्या मारत राहिल्या आणि तानी त्याच्या कानाशी हाका मारत राहिली. ते पुन्हा पुन्हा मान टाकत होतं. इस्पितळात डॉक्टरांनी पोट धुतल्यावरही ते डोळे उघडेना.

दिवेलागणीला बाळाने असा टाहो फोडला की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. त्याला गप्प करायला सासूचा हात सवयीने पुढे गेला. तानीने तो मध्येच धरला.

"रडू द्या, आत्याबाई. पोटभर रडू द्या."