तळाचा गारवा

विश्रामने गळाला लागलेला खडस मासा हातात धरला आणि मनगटावरचा पट्टा थरथरला. आता संध्याकाळपर्यंत माशाला जे जाणवेल, ते विश्रामलाही जाणवणार होतं. गावच्या डोहात गळ टाकायचा तर पट्टा बांधायचाच, ही गावकीची अट होती.

वैशाखात डोह आटून पाणी कोमट झालं होतं. विश्रामला एकदम धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली.

"पाण्यात धरा की त्याला!" डोहात पाय सोडून बसलेली त्याची बायको सरू ओरडली. "तरी सांगत होते, पाणी तापलंय, आज गळ नको."

त्याने गळ सोडवला आणि माशाचं तोंड डोहात येणाऱ्या बारीक धारेकडे करून त्याला पाण्यात धरून ठेवलं. कल्ले हलू लागले, तशी विश्रामची छाती मोकळी झाली. मासा निसटून तळाशी गेला.

थोड्या वेळाने तापलेल्या कातळावर बसल्याबसल्या विश्राम शहारला.

"सरू, खाली गार झरा आहे."

तिने त्याच्या पाठीला हात लावला. भर उन्हात पाठ माठासारखी गार होती.

"आणि तो एकटा नाही गं," विश्राम कुजबुजला. "आत्ता कुणीतरी मला अंग घासून गेलं. हे बघ, आणखी एक."

खालच्या माशांना त्रास नको म्हणून सरूने पाण्यातले पाय अलगद बाहेर काढले.