ड्रायव्हरचा ठोका

परतवाड्याच्या चौकात मांडलेल्या जुन्या रणगाड्यावर मोतीराम दफेदारांचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. एकाहत्तरच्या लढाईत ते असाच रणगाडा चालवायचे. तिघे साथीदार आतच जळाले. बाहेर पडले ते एकटे दफेदार.

आज माजी सैनिकांचा सत्कार होता. गळ्यात हार पडताच दफेदार उठले आणि तडक रणगाड्यापाशी गेले.

"याच्यात कोन बसते रे?" त्यांनी चौकीदार संघपालला दरडावलं.

"कोनी नाही, काका. झाकनं वेल्डिंग मारून बंद केली हायेत. आत इंजिनबी नाही."

"मंग आठ दिवसांपासून आतून कोन ठोकून राह्यलं?"

संघपाल हसला. "उन्हानं लोखंड तापते, काका."

तापलेलं लोखंड मोजून वाजत नाही, एवढं दफेदारांना कळत होतं. निघण्याआधी लोखंडावर ठोकून हजेरी द्यायची, ही त्यांच्या रणगाड्यातली रीत होती. कमांडरचे चार ठोके, तोपचीचे दोन, गोळे भरणाऱ्याचे तीन, आणि शेवटी ड्रायव्हरचा एक. तो पडला की गाडी हलायची.

आठ दिवस आतून चार, दोन, तीन असेच ठोके येत होते. मग आतलं कुणीतरी वाट बघत थांबायचं. दफेदारांनी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

आजही त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि कान लावला.

चार. दोन. तीन.

संघपालचं हसू मावळलं. त्यानंही ऐकलं होतं.

दफेदारांनी हात सोडले नाहीत.

आतून एक ठोका पडला.