मोतिया रंगाची फियाट

"गाडी काढ," सुषमाआत्या म्हणाली.

चैत्रालीला वाटलं, आत्या गंमत करतेय. रविवारची सकाळ, अंघोळीचा पत्ता नाही, हातात चहाचा दुसरा कप. तिने आपला सहज एक व्हिडिओ दाखवला होता. कर्जतच्या रस्त्याला कुणा हौशी माणसाने जुन्या गाड्यांचं म्युझियम काढलं होतं, त्याचा. वाल सोलत बसलेल्या आत्याला तेवढीच करमणूक. तर आत्याने तो तीनदा मागे नेला, एका मोतिया रंगाच्या फियाटवर थांबवला आणि वालाची परात बाजूला सारून उठलीच.

"आत्ता?"

"आत्ता."

आत्या म्हणजे चैत्रालीच्या बाबांची, पदूची, थोरली बहीण. लग्न केलं नाही. अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहून तिने धाकट्या भावाला शिकवलं. गावातली भातशेती गेली, कात्रपला फ्लॅट आला, पण बाईचा हेका काही गेला नाही. एकदा म्हणाली की म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात घरातल्या कुणीच कधी वेळ फुकट घालवला नव्हता.

चैत्रालीने मुकाट्याने सेकंडहँड अल्टो काढली.

वांगणीपर्यंत आत्या तोच व्हिडिओ परत परत बघत होती. शेवटी चैत्रालीनेच विचारलं की त्या फियाटमध्ये एवढं काय आहे.

"माझ्या बाबांची आठवण आहे," आत्या म्हणाली. "ती कुणाची होती ते मला पाहिजे. कळल्याशिवाय मी घरी यायची नाही."

चैत्रालीला भरून आलं. आजोबा आत्या नऊ वर्षांची असताना गेले, बाबा तेव्हा पाळण्यात. घरात त्यावर कुणी बोलत नसे. बहुतेक आजोबा कुणा शेठच्या गाडीवर ड्रायव्हर असतील, असं तिने मनाशी जुळवलं. आत्याच्या मोबाईलचं लॉक ४१७२ होतं, आणि व्हिडिओतल्या फियाटचा नंबरही ४१७२. केवढा जीव लावलाय या बाईने त्या गाडीला, आणि आपल्याला इतक्या वर्षांत पत्ता नाही. चैत्रालीला स्वतःचीच लाज वाटली.

पुढे टायर पंक्चर झाला. चैत्राली म्हणाली की परत फिरू, पुढच्या रविवारी बाबांनाही घेऊन येऊ. आत्याने पदर खोचला आणि स्वतःच डिकीतून जॅक काढला. छप्पन्न वर्षांची बाई रस्त्याकडेला उकिडवी बसून नट सोडवत होती, येणारेजाणारे बघत होते. तिला त्यांचं काही पडलेलं नव्हतं.

म्युझियमला पोचल्या तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली. एक तास थांबा म्हणाले. समोर वडापाव होता, सावलीत बाकडं होतं. आत्या उन्हात फाटकाशीच उभी राहिली. काय म्हणावं आता हिला?

आतली देखरेख मुकेशकडे होती. उल्हासनगरचा सिंधी माणूस, तीन पिढ्या स्पेअर पार्टच्या धंद्यातला, बोलायला गोड. पण जुन्या मालकाचं नाव विचारताच त्याने हात जोडले. मागे एका गिऱ्हाइकाने अशाच एका म्हाताऱ्या मालकाला फोन करकरून हैराण केलं होतं. तेव्हापासून रूल म्हणजे रूल. नाव सांगायचं ते फक्त घरच्या माणसाला.

आत्याने हुज्जत घातली नाही. ती फियाटकडे गेली. गाडीभोवती हळूहळू फिरली, पुढच्या डाव्या बाजूला वाकली आणि काचेवर बोट ठेवलं.

"हा डावा दिवा मूळचा नाही. अठ्ठ्याहत्तर साली बदललेला आहे."

मुकेश बघतच राहिला. तो दिवा उल्हासनगरचा डुप्लिकेट माल आहे हे ओळखायला त्यालाही भिंग लावावं लागलं होतं, आणि कधी बदलला ते खुद्द गाडीच्या जुन्या मालकाने, शेठनी, त्याला सांगितलं होतं. बोर्डावर लिहिलेलं नाही, कुठे छापलेलं नाही.

"अरे, तुम्ही तर घरच्याच निघाल्या," तो म्हणाला. "आधी नाय सांगायचं का?"

आत्याने काचेवरचं बोट काढलं नाही.

मग मुकेशची नुसती धांदल. त्यांच्याकडे पद्धतच होती, जुन्या घरचं माणूस आलं की गाडीसमोर त्याच्या हातून नारळ वाढवायचा. त्याने ऑफिसातून नारळ आणवून आत्याच्या हातात दिला. दोघींची तिकिटं परत केली. वर म्हणाला, आमच्या रघुशेठचे पाय आता चालत नाहीत, माणसांना आसुसलेले असतात, बघा किती खूश होतात. आणि त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला.

चैत्रालीने डोळे पुसले. एवढ्या वर्षांनी आत्याच्या मनासारखं होत होतं, आणि ते आपल्या अल्टोमुळे. तिने या क्षणाचा व्हिडिओ घ्यायला मोबाईलही वर धरला. आत्याने नारळ खाली ठेवला आणि मुकेशच्या हातातून फोन घेतला.

पलीकडे म्हातारा, मोकळाढाकळा आवाज होता. मुकेशने सगळं सांगितलंच होतं, त्यामुळे शेठ आधीच हसत होते.

"डावा दिवासुद्धा लक्षात ठेवलास? मग तू आपल्यातलीच. पण आवाज काय ओळखला नाय गो. कोणाची पोरगी तू?"

"अठ्ठ्याहत्तर साली, बाजारच्या दिवशी, कात्रपच्या वळणावर तुम्ही एका सायकलवाल्याला उडवलंत आणि थांबला नाहीत," आत्या म्हणाली. "त्याची."